चुना, मैला आणि वायू : माटुंग्यापासून रायगडच्या खाड्यांपर्यंत

अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जाता येते. तटाजवळ पोचल्यावर थोडे थांबून दगडांच्या सांध्यांकडे पाहावे. प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते निथळून परत जाते. १६८० साली बांधकाम सुरू झालेला हा तट आजवर टिकला, त्याचे श्रेय जाणकार या मोकळ्या फटींना देतात.

चुना न वापरण्यामागे शहाणपण होते हे खरे, पण चुना या किनाऱ्यावर सहज मिळत होता असेही नाही. कोकणची भूमी काळ्या बेसाल्टची, त्यावर जांभ्याचे आवरण. चुनखडीचे डोंगर इथे नाहीत. चुना हवा असेल तर समुद्राकडे जावे लागे. शिंपले गोळा करून भट्टीत भाजायचे, निघालेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतून तो विरवायचा, मग भिंतीला आणि पानाच्या डब्यात. चुना म्हणजे कॅल्शियम, आणि या किनाऱ्यावरचे कॅल्शियम मुख्यतः समुद्रातून, कवचाच्या रूपाने आले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आपल्या विषयात ती एका अनपेक्षित ठिकाणी, कचऱ्याच्या ढिगात, पुन्हा भेटणार आहे.

विषय आहे तो मैल्याचा आणि कचऱ्याचा. दिवाळी अंकात असा विषय आणल्याबद्दल काही वाचक नाक मुरडतील. पण हवेविना मैला कुजवून त्यातून वायू काढण्याच्या विद्येच्या जागतिक इतिहासात मुंबईचे नाव पहिल्या पानावर येते, आणि त्या पानावर मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ओळखीचा एक माणूसही उभा आहे.

या विद्येची सुरुवात दलदलीपासून होते. १७७६ साली इटलीत व्होल्टाने माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत पकडले आणि ते पेटतात हे दाखवले. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. शंभर वर्षांनंतर फ्रान्समध्ये मूरास नावाच्या गृहस्थाने मैल्याची बंद टाकी बांधली. टाकीत जाणारा घनमैला आपोआप पातळ होतो, याचे वर्णन १८८१ साली प्रसिद्ध झाले. १८९५ मध्ये इंग्लंडातल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉनने तशीच टाकी बांधली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. आज मुरुडपासून उरणपर्यंत प्रत्येक बंगल्याच्या मागे जी टाकी असते, तिचे बारसे तिथे झाले.

त्याआधी युरोपात मैलापाणी शुद्ध करण्याचा राजमार्ग चुन्याचा होता. १८५५ च्या सुमारास लेस्टर शहरात विकस्टीडने चुना घालून मैलापाणी निवळवण्याचा कारखाना काढला. पाणी निवळे, पण खाली गाळाचे डोंगर साठत. शिवाय चुन्याने दबलेले कुजणे चुन्याचा जोर ओसरला की पुन्हा सुरू होई. लंडनच्या नगरमंडळाचा रसायनज्ञ विल्यम डिब्डिन याने १८८७ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या सभेत मांडले, की मैला नाहीसा करण्याचे काम सूक्ष्मजीवांचे आहे, त्यांना मारून टाकील इतका चुना ओतणे म्हणजे आपल्याच मजुरांना हाकलून देणे. हा युक्तिवाद पुढे जिंकला. पण चुना आणि सूक्ष्मजीव एकमेकांचे वैरीच, अशी एक समजूतही तो मागे ठेवून गेला आणि ती पुरी खरी नव्हती.

आता मुंबई. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हे नाव पोवाड्यांच्या अभ्यासकांना सांगावे लागत नाही. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढणारा, १८९४ मध्ये त्यांतल्या काहींची इंग्रजी रूपांतरे लंडनहून प्रसिद्ध करणारा हा सनदी अधिकारी. तोच मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता आणि रस्त्यावर बेघर फिरणाऱ्या कुष्ठरोग्यांसाठी १८९० मध्ये माटुंग्याला आश्रम उभा राहिला तो त्याच्या खटपटीतून. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरुग्णालय ते हेच. तिथल्या मैलापाण्यावर शेती केली जाई. पुढे तिथे बंद टाक्या बसल्या, त्यांवर वायू गोळा करण्याची सोय झाली, आणि १८९७ च्या सुमारास त्या वायूवर इंजिन चालवल्याची नोंद जगभरच्या ग्रंथांत सापडते. मुंबईच्या गटारव्यवस्थेचा अभियंता सी. कार्कीट जेम्स याने या कामाचा अभ्यास करून १९०२ मध्ये पौर्वात्य शहरांच्या मैलानिस्सारणावर ग्रंथ लिहिला. आपला मैला उष्ण हवामानात कसा वागतो, याचा निर्णय एक्झेटरच्या आकड्यांवरून करता येणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

इथे एका चुकीच्या सनावळीचा निकाल लावायला हवा. जैववायूवरच्या असंख्य इंग्रजी पुस्तकांत आणि प्रबंधांत एक वाक्य फिरते, की जगातला पहिला वायुसंयंत्र १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत बांधला गेला. बहुतेक जण १९७६ सालच्या एका इंग्रजी पुस्तकाचा हवाला देतात आणि पुढे जातात. अभिमानाने छाती फुगावी असे हे वाक्य आहे. पण वसाहत म्हणजे माटुंग्याचा आश्रम असेल, तर तो १८९० चा. म्युनिसिपल कमिशनर हे पदच मुंबईत १८६५ मध्ये निर्माण झाले. १८५९ मध्ये ना आश्रम होता, ना तो बांधणारा अधिकारी, ना ‘सेप्टिक टँक’ हा शब्द. आकडा कुठे उलटसुलट झाला असेल याचा तर्क करत बसण्यात अर्थ नाही. १८९७ हे सालही मुंबईला पुरेसे मानाचे आहे, उसन्या अडतीस वर्षांची तिला गरज नाही.

आणि १८९७ हे साल काय होते? आदल्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर शहरात प्लेग आला होता. घरे रिकामी करून, छपरे उघडून, भिंतींना चुना फासला जात होता, गटारांत कार्बोलिक आम्ल ओतले जात होते. एकाच शहरात, एकाच नगरपालिकेच्या खर्चाने, दक्षिणेकडच्या चाळींत सूक्ष्मजीव मारण्यासाठी चुन्याच्या बादल्या चालल्या होत्या आणि माटुंग्याला सूक्ष्मजीव पोसून त्यांच्या श्वासावर इंजिन फिरत होते. चुना हा जंतूंचा शत्रू ही शिकवण त्या काळच्या मुंबईकरांच्या मनावर जितकी ठसली तितकी क्वचितच कशाने ठसली असेल.

कोकणात ही विद्या वेगळ्या वाटेने आली. ‘कोकणचे गांधी’ अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडास, खत आणि भंगीमुक्ती हा एकच प्रश्न मानून काम केले. ‘गोपुरी संडास’ हे नाव जुन्या पिढीला आठवत असेल. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी गावातले संडास वायुसंयंत्रांना जोडून दाखवले, त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. रायगड जिल्ह्यात माथेरानला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीचा प्रकल्प ओल्या कचऱ्यावर उभा राहिला. या सगळ्यांच्या बोलण्यात शेण, मैला, खरकटे, वायू, खत हे शब्द वारंवार येतात. कॅल्शियम हा शब्द क्वचितच येतो.

तो आधी यायला हवा होता असे मला वाटते. कारण समजण्यासाठी टाकीच्या आत डोकवावे लागेल.

हवेविना कुजणे हे एका प्रकारच्या जंतूंचे काम नाही. त्यात दोन पाळ्या असतात. पहिल्या पाळीचे जंतू अन्नाचे, मैल्याचे तुकडे करून त्यांची आम्ले बनवतात. दह्याचे आंबणे किंवा इडलीचे पीठ फुगणे याच्या जवळचे हे काम. दुसऱ्या पाळीचे जंतू ती आम्ले, मुख्यतः व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल, खाऊन मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. पहिली पाळी दणकट आणि घाईची, दुसरी नाजूक आणि संथ. पहिलीने दुसरीच्या झेपेपलीकडे आम्ल केले की टाकी आंबते, आंबल्यामुळे दुसरी पाळी आणखी मंदावते, आणि एक दिवस ज्योत विझते. गावोगावी बंद पडलेल्या गोबरगॅसच्या टाक्यांत असे आंबून मेलेल्या टाक्याही आहेत.

आंबटावर उतारा कोणता, हे कुणीही सांगेल : चुना. आणि इथेच घोटाळा सुरू होतो. शाळेत आपण सर्वांनी चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली आहे. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधासारखी होते. ते पांढरे म्हणजे न विरघळणारी चुनखडी. बंद टाकीतल्या वायूत कार्बन डायऑक्साइड साधारण तीस ते चाळीस टक्के असतो. तिथे चुना ओतला की सुरुवातीला तो आम्ल मारतो, पण एका मर्यादेनंतर तो केवळ हा वायू शोषून चुनखडी बनून तळाशी बसतो. आम्लतेत फरक पडत नाही, टाकीतला वायू मात्र इतका शोषला जातो की आत पोकळी निर्माण होऊन झाकण धोक्यात येते. अमेरिकेत पेरी मॅकार्टी यांनी १९६४ मध्ये या विद्येची मूलतत्त्वे चार लेखांत मांडली. त्यांत त्यांनी बजावले होते, की पीएच ६.५ च्या खाली गेला तरच चुना घाला आणि तो ६.७ ते ६.८ पर्यंत आला की थांबा.

त्याच लेखमालेत एक लहानसे कोष्टक आहे. पाण्यात लिटरमागे १०० ते २०० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर जंतूंना उत्तेजन मिळते, २५०० ते ४५०० असेल तर त्यांचे काम बऱ्यापैकी मंदावते, ८००० ला ते जवळजवळ थांबते. डिब्डिनच्या काळापासून चालत आलेला वाद या तीन ओळींत मिटला. चुना जंतूंचा मित्रही आहे आणि शत्रूही, प्रश्न मात्रेचा. आयुर्वेदाच्या देशात हे वेगळे सांगायला नको.

मित्र कसा, हे नेदरलँड्समध्ये दिसले. वाखेनिंगेनच्या कृषी विद्यापीठात गात्से लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात एक नवी टाकी विकसित केली. सांडपाणी खालून शिरते, जंतूंच्या गाळाच्या थरातून वर चढते, वर वायू, पाणी आणि गाळ वेगळे होतात. या टाकीची जादू तिच्या बांधणीपेक्षा गाळात होती. जंतू सुटे न राहता एकमेकांना चिकटून नाचणीच्या दाण्यासारखे काळे, गोल कण बनवत. असे कण जड असल्यामुळे वाहून जात नाहीत आणि थोड्या जागेत प्रचंड काम करतात. जंतूंच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात. दोन धनभार असलेला कॅल्शियमचा कण दोघांमध्ये उभा राहून दोन्हीकडे हात देतो. लेटिंगांच्या सुरुवातीच्या मोठ्या टाक्या बीटापासून साखर करणाऱ्या कारखान्यांत बसल्या, आणि बीटाचा रस शुद्ध करायला चुना लागतो. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही उसाचा रस चुन्याने निवळतात. दाणेदार गाळाचा शोध चुन्याने भरलेल्या सांडपाण्यात लागावा हा निव्वळ योगायोग नसावा, असा माझा अंदाज आहे.

ही टाकी भारतात आली ती गंगा कृती योजनेतून, डच मदतीने. १९८९ मध्ये कानपूरच्या जाजमऊला रोजच्या ५० लाख लिटर मैलापाण्यासाठी ती सुरू झाली. पुढे यमुनेच्या काठी तशा अनेक टाक्या झाल्या.

शत्रू कसा, हे वाखेनिंगेनच्याच पुढच्या पिढीने, व्हान लांगेराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९० च्या दशकात तपासले. पाण्यात कॅल्शियम फार असेल तर विषबाधेच्या आधीच वेगळे संकट येते. दुसऱ्या पाळीचे जंतू आम्ल खातात, आम्ल संपले की पाणी अल्कधर्मी होते, आणि आम्लामुळे विरघळून राहिलेले कॅल्शियम तिथल्या तिथे चुनखडी होऊन बसते. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तसा. पण हा थर बसतो तो जंतूंच्या दाण्याभोवती आणि दाण्याच्या आत. नाचणीचा दाणा हळूहळू खडा होतो. तो अधिक जड होतो, तळाशी दबतो, त्याच्या आतले जंतू अन्नावाचून मरतात. बाहेरून पाहणाऱ्याला टाकीत भरपूर गाळ दिसतो. मोजायला गेले तर त्यातला बराचसा दगड असतो.

म्हणजे जंतू आपले काम जितके चोख करतील तितके लवकर ते स्वतःला चिणून घेतील.

हे सर्वांत तीव्रतेने घडते ते कचऱ्याच्या ढिगाखालच्या काळ्या पाण्यात, ज्याला आता सगळेच ‘लीचेट’ म्हणतात. ढीग नवा असताना आत पहिली पाळी जोरात असते, पाणी आंबट असते आणि वाटेत भेटेल ते विरघळवते. ढीग जुना झाला की आतच मिथेनची पाळी सुरू होते. जर्मनीत एरिग यांनी १९८० च्या दशकात अनेक ढिगांचे पाणी तपासून सरासऱ्या काढल्या. आंबट अवस्थेत लिटरमागे कॅल्शियम सरासरी १२०० मिलिग्रॅम, मिथेनच्या अवस्थेत ६०. मधले ११४० गेले कुठे? ते कुठेही जात नाही. ढिगात, ढिगाखालच्या खडीत, नळात चुनखडी होऊन राहते. टोरांटोजवळच्या कील व्हॅली या कचराभूमीत केरी रो आणि सहकाऱ्यांनी खालची निचऱ्याची खडी उकरून पाहिली तेव्हा खडे एकमेकांना सांधले गेलेले सापडले. कुलाबा किल्ल्याच्या तटात आपल्या पूर्वजांनी फटी मोकळ्या ठेवल्या. इथे अभियंत्यांनी मोकळ्या ठेवलेल्या फटी कचऱ्याने स्वतः चुना बनवून भरल्या. पाण्याला वाट उरली नाही की ढिगाच्या पोटात ते चढत जाते आणि कुठून तरी बाजूने फुटते.

थोडा हिशेब करू. रोज १०० घनमीटर असे आंबट पाणी टाकीत आले आणि एरिगच्या सरासरीइतके कॅल्शियम त्यातून खाली बसले, तर लिटरमागे २.८५ ग्रॅम चुनखडी तयार होईल. दिवसाला २८५ किलो, वर्षाला १०० टनांच्या वर. कागदावरचा हा हिशेब झाला, प्रत्यक्षात सगळे टाकीत बसणार नाही, काही वाहून जाईल. पण दहा ट्रक चुनखडी काढण्याची तरतूद कुणाच्या अंदाजपत्रकात असते?

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. रायगडच्या ओल्या कचऱ्यात आणि देशावरच्या ओल्या कचऱ्यात एक फरक आहे, तो म्हणजे कवचे. तिसऱ्या, कालवे, खुबे, चिंबोऱ्या. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या खानावळींच्या मागे सुट्टीच्या दिवसांत ढीग साठतात ते बघावेत. पूर्वी यांतले काही भट्टीत जाऊन चुना होत असे. आता ते खरकट्याबरोबर घंटागाडीत जातात. कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. १०० ग्रॅम शिंपले विरघळवायला १२० ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागते, आणि आंबट ढिगात ते मुबलक असते. म्हणजे शिंपला एकाच वेळी दोन कामे करतो : आंबटपणा मारून दुसऱ्या पाळीला वाचवतो आणि पुढच्या टाकीत दगड बनायला कॅल्शियम पाठवतो. ‘निसर्गऋण’सारख्या प्रकल्पांत अंड्याची टरफले, मोठी हाडे, करवंट्या घालू नका असे सांगतात, त्याचे पहिले कारण यंत्राची पाती वाचवणे हे आहे. पण किनाऱ्यावर त्या यादीत तिसऱ्यांची टरफले ठळक अक्षरांत घालावीत.

दुसरा फरक पावसाचा. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. ३००० मिलिमीटर पाऊस एक हेक्टर उघड्या ढिगावर पडला तर ते ३ कोटी लिटर पाणी होते. जुलैत लीचेट पातळ आणि अफाट, एप्रिलमध्ये घट्ट आणि थोडे. एप्रिलच्या पाण्यावर वाढवलेली टाकी जुलैत वाहून जाते. जर्मनीच्या सरासऱ्या इथे जशाच्या तशा लावणे म्हणजे कार्कीट जेम्सने १९०२ मध्ये जी चूक टाळली तीच करणे.

तिसरा फरक समुद्राचा, आणि इथे मला कॅल्शियमची बाजू थोडी आवरती घ्यावी लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. उत्तेजक मात्रेपेक्षा जास्त, घातक मात्रेपेक्षा पुष्कळ कमी. भरतीचे पाणी गटारात शिरणे किनाऱ्यावरच्या गावांत नवे नाही. दहा टक्के खारे पाणी मिसळले तर कॅल्शियम ४० मिलिग्रॅमने वाढेल. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मऊ असते, त्यात कॅल्शियम कमीच, त्यामुळे ही भर कदाचित उपकारकच ठरेल. पण त्याच दहा टक्क्यांबरोबर २७० मिलिग्रॅम सल्फेटही येते. सल्फेट खाणारे जंतू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास काढून घेतात आणि मिथेनऐवजी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. खाडीकाठच्या गटारात दोष चुन्यापेक्षा या वायूचा अधिक असतो. मिठागरात काम करणाऱ्यांना या क्षारांची ओळख पुस्तकाविना आहे. पेण, उरणच्या मिठागरांत पाणी आटत जाते तशी आधी चुनखडी बसते, मग जिप्सम, मग मीठ, आणि शेवटी उरते ते कडू पाणी. १८४९ मध्ये उसिल्यो या इटालियन रसायनज्ञाने भूमध्य समुद्राचे पाणी आटवून हाच क्रम मोजून दाखवला : मूळ पाणी पाचव्या हिश्श्यावर आले की जिप्सम, दहाव्यावर आले की मीठ. कॅल्शियम सर्वांत आधी खाली बसते. मिठागरात तसे, टाकीतही तसेच.

चौथी गोष्ट माशांच्या तेलाची. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करून निर्यात करणारे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्यात चरबी असते, आणि चरबीतून निघणारी लांब साखळीची आम्ले मिथेनच्या जंतूंभोवती लेप देऊन त्यांना गुदमरवतात. बोअरच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही, चिकट साय बनते, ती कॅल्शियम आणि अशाच आम्लांच्या संयोगाची. हीच क्रिया टाकीत घडवली तर आम्ले कॅल्शियमला बांधली जातात आणि जंतू मोकळे होतात. जपानमध्ये हानाकी, मात्सुओ आणि नागासे यांनी १९८१ मध्ये हे दाखवले. चुना उशिरा, जंतू गुदमरल्यावर घातला तर उपयोग फारसा होत नाही. शिवाय बर्फाच्या आणि धुण्याच्या पाण्यातून येणारे मीठ आहेच. सोडियमचा त्रास पोटॅशियम कमी करते आणि पोटॅशियम असेल तरच कॅल्शियमचीही त्याला मदत होते, हे कुगेलमन आणि मॅकार्टी यांनी १९६५ मध्येच नोंदवले होते. एकट्या कॅल्शियमने सोडियम आवरत नाही.

तळोजा म्हटले की बहुतेकांना २०१७ च्या ऑगस्टमधले निळे कुत्रे आठवतात. कासाडी नदीकाठी रंगाच्या सांडपाण्याने कुत्र्यांचे केस निळे झाले, छायाचित्रे जगभर गेली. निळा रंग दिसतो, म्हणून त्याची बातमी होते. महाडच्या सावित्रीत, रोह्याच्या कुंडलिकेत मासे मेले की तेही दिसते. टाकीच्या आत दगड होत चाललेला गाळ कुणाला दिसत नाही. टाकी निकामी होते, पाणी तसेच पुढे जाते, आणि खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला दिसतो तो फक्त परिणाम. तोवर टाकीवरचा कामगार ‘गाळ भरपूर आहे’ अशीच नोंद करत राहतो.

आणि ही नोंद चुकीची आहे असे त्याला कुणी सांगतही नाही, कारण विचारतच नाही. २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांत लीचेट बाहेर सोडण्याच्या मर्यादांचे कोष्टक आहे. तरंगते घन पदार्थ, विरघळलेले क्षार, पीएच, अमोनिया, बीओडी, सीओडी, आर्सेनिक, पारा, शिसे, कॅडमियम, क्लोराइड, फ्लोराइड, फिनॉल अशा ओळी त्यात आहेत. २०१६ च्या नियमांतही असेच कोष्टक आहे. कॅल्शियमची ओळ नाही. नियम करणाऱ्यांच्या बाजूने बोलायचे तर त्यांचे काम विष मोजण्याचे, आणि कॅल्शियम हे विष नाही, ते दुधात आणि हाडांत असते. नदीला त्याने अपाय होत नाही. अपाय होतो तो नदी वाचवणाऱ्या टाकीला. पण जे कायदा विचारत नाही ते प्रयोगशाळा मोजत नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी निविदेत एक ओळही लिहिली जात नाही.

गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात ते मोजले जात असे. थॉमस क्लार्कने १८४१ च्या सुमारास साबणाच्या द्रावणाने पाण्याचा जडपणा मोजण्याची रीत काढली : ठराविक साबण घालून बाटली हलवायची आणि फेस टिकतो का ते पाहायचे. पाण्याची तपासणी म्हटली की ही कसोटी त्यात असायचीच. आज तीच कसोटी अधिक नेमकेपणाने, एका थेंबनळीने आणि रंग बदलणाऱ्या द्रव्याने, कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते.

टाकीत शिरणाऱ्या आणि टाकीतून निघणाऱ्या पाण्याचे कॅल्शियम अशा रीतीने महिन्यातून एकदा मोजले, तर वजाबाकीतून आत किती दगड साठला ते कळते. गाळाचा नमुना जाळून उरलेल्या राखेचे वजन केले, तर त्यात जंतू किती आणि चुनखडी किती हेही कळते. चुनखडी जास्त निघाली तर उपाय आहेत : पाणी टाकीत जाण्याआधीच वेगळ्या हौदात कॅल्शियम खाली बसवणे, किंवा तळाचा दगडी गाळ ठराविक काळाने काढून टाकणे. पावसाळ्याच्या आधी एक नमुना, आणि ऑक्टोबरच्या उन्हात, ढीग सुकू लागल्यावर, दुसरा.